बाळाला नुसते ग्लुकोज पाजू नका

उन्हाळ्यात राजेंद्र नगरात आपल्या घरोघरी ग्लुकोजचा डबा असतो. शेतातून दमून आलेल्याने पेलाभर प्यावे. पण बाळाला जुलाब लागले तरी आपण तेच पाजतो, ही चूक होय. नुसते गोड पाणी जुलाब वाढवते. बेताचे ग्लुकोज मिठाच्या जोडीनेच पाणी अंगात मुरवते. १९७१ साली बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच पाण्याने पटकीचे असंख्य रोगी वाचवले. म्हणून ओ. आर. एस. ची पुडी तिच्यावरील मापाने, उकळून गार केलेल्या पाण्यात कालवावी. पुडी नसल्यास एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. घोटघोट पाजावे, अंगावरचे दूध तोडू नये. मूल मलूल झाले किंवा लघवी थांबली, तर तडक दवाखाना गाठावा.