सात टक्के शब्द? भाषणकलेविषयीचे काही गैरसमज

व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत एक वर्तुळ हमखास पडद्यावर येतं: शब्द ७ टक्के, आवाज ३८ टक्के, देहबोली ५५ टक्के. काय बोलता याला फारसं महत्त्व नाही, कसं बोलता यावरच सगळं अवलंबून असतं, असा त्याचा अर्थ लावला जातो. भाषणाविषयीच्या गैरसमजांत सर्वाधिक नुकसान या तीन आकड्यांनी केलं आहे, असं माझं ठाम मत आहे. म्हणून ते आले कुठून, हे नीट पाहायला हवं.

अल्बर्ट मेहराबियन हे लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. १९६७ साली त्यांनी सहकाऱ्यांसह दोन अभ्यास प्रसिद्ध केले. त्यांत कोणी भाषण केलंच नव्हतं. एकात जिव्हाळ्याचे, तटस्थ आणि नापसंतीचे सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ध्वनिमुद्रित करून ऐकवले होते. दुसऱ्यात ‘कदाचित’ अशा अर्थाचा एकच शब्द होता आणि सोबत चेहऱ्यांची छायाचित्रं. बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती कितपत आवडते, याचा अंदाज ऐकणाऱ्यांनी करायचा होता. दोन्ही निष्कर्ष जोडून ते प्रसिद्ध सूत्र तयार झालं. म्हणजे ५५ टक्के वाटा होता तो चेहऱ्याचा. हातवारे, उभं राहण्याची ढब, मंचावरची ये-जा यांतलं काहीही तिथे मोजलेलं नव्हतं. भावना आणि आवडनिवड यांविषयी माणूस बोलत असेल तेवढ्यापुरतंच हे सूत्र लागू पडतं, असं मेहराबियन यांनी स्वतःच पुढे स्पष्ट केलं. शिबिरांतल्या वर्तुळात तो खुलासा दिसत नाही.

पडताळा सोपा आहे. तमिळ न येणाऱ्याला तमिळ व्याख्यान ऐकवा. वक्त्याचा चेहरा आणि आवाज त्याच्यासमोर असतो, पण ९३ टक्के आशय काही त्याच्या हाती लागत नाही. बोंडअळीवरचं औषध किती पाण्यात मिसळायचं हे कृषी अधिकारी शेतकऱ्यांना सांगतो, तेव्हा ते प्रमाण शब्दांतूनच पोचतं. आवाज आणि चेहरा महत्त्वाचे आहेतच. कंटाळलेल्या स्वरात सांगितलेली चांगली गोष्टही श्रोते सोडून देतात. पण सांगण्यासारखं काही असल्यावरच त्यांचा उपयोग.

दुसरा समज भीतीचा. चांगल्या वक्त्याला भीती वाटत नाही आणि ज्याला वाटते तो या वाटेचा नव्हे, असं आपण मुलांनाही सांगतो. ११ सप्टेंबर १८९३ रोजी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंदांची छाती धडधडत होती, जीभ कोरडी पडली होती आणि सकाळच्या सत्रात बोलायला उठण्याचं धैर्य त्यांना झालं नाही. मद्रासच्या शिष्याला लिहिलेल्या पत्रात हे त्यांनीच सांगितलं आहे. दुपारी ते बोलले, पाचशेहून कमी शब्द.

गांधीजींचं उदाहरण तर मला अधिक मोलाचं वाटतं. १८९१ मध्ये लंडन सोडताना शाकाहारी मित्रांना दिलेल्या मेजवानीत त्यांनी मोजक्याच वाक्यांचं भाषण तयार ठेवलं होतं. पहिल्या वाक्यापुढे ते जाऊ शकले नाहीत. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना, शेवटी खटला सोडला. मग १८९३ मध्ये प्रिटोरियात तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांसमोर ते व्यवस्थित बोलले आणि आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण म्हणून त्यांनी त्याचीच नोंद केली. विषय होता व्यापारातला खरेपणा. माणूस तोच होता, स्वभावाने लाजाळूच. पण विषयाची तयारी झालेली होती आणि त्या लोकांना तो सांगायलाच हवा असं त्यांना वाटत होतं.

आपली धडधड सभागृहाला दिसते, ही समजूतही बरीचशी चुकीची. केनेथ सॅव्हित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वक्त्यांना स्वतःची अस्वस्थता जेवढी उघड वाटत होती, तेवढी ती श्रोत्यांना जाणवत नव्हती. ही गोष्ट ज्यांना आधीच समजावून सांगितली, त्यांची भाषणंही अधिक चांगली झाली. व्यासपीठावर पाय ठेवण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याला एवढं सांगायला काय हरकत आहे?

घशाचं थोडक्यात. बोलता बोलता घेतलेला पाण्याचा घोट किंवा खडीसाखर स्वरयंत्रातल्या पडद्यांना थेट ओलावा देत नाही. गिळलेलं सगळं अन्ननलिकेत जातं. तोंड आणि घसा ओला होतो, बरं वाटतं, तेवढं खरं. स्वरपडद्यांसाठी शरीरातच पाणी पुरेसं लागतं, म्हणून ते दिवसभर पीत राहावं.

उत्स्फूर्त बोलणं म्हणजे तयारीशिवाय बोलणं, हा समज मात्र मोठमोठ्यांना फसवतो. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टनमधल्या भाषणातला स्वप्नाचा भाग हातातल्या मसुद्यात नव्हता, हे खरं. पण तीच कल्पना त्यांनी दोन महिने आधी डेट्रॉइटच्या सभेत मांडलेली होती. आयत्या वेळी सुचलेलं ते आधी तोंडात बसलेलं होतं.

याच्या उलट टोकाला आपल्या शाळांतलं पाठांतर असतं. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’पासून शेवटच्या ‘जय हिंद’पर्यंत मोठ्यांनी लिहून दिलेलं, कोणत्या वाक्याला हात वर करायचा हेही ठरवून दिलेलं. एक ओळ निसटली की मूल अडतं, कारण ओळीमागचा विचार त्याचा नसतो. त्यापेक्षा त्याला माहीत असलेला विषय द्यावा: आजोबांची गोठ्यातली कामं, गावचा आठवडी बाजार, क्रिकेटची खेळपट्टी. चार मुद्दे त्यालाच काढू द्यावेत. सुरुवातीचं आणि शेवटचं वाक्य पक्कं करून घ्यावं, मधलं त्याच्या शब्दांत येऊ द्यावं. मनातल्या मनात उजळणी पुरत नाही. घड्याळ लावून, उभं राहून, मोठ्याने म्हणायला लावावं. आणि ऐकणाऱ्याला ‘कसं वाटलं?’ असं विचारू नये, ‘काय कळलं?’ असं विचारावं. जो मुद्दा त्याला सांगता येणार नाही, तोच मुलाकडून पुन्हा मांडून घ्यावा.