आखाताची वाट धरण्यापूर्वी घरचा हिशोब मांडा

भात झोडून झाले आणि कलमांना मोहोराची चाहूल लागली, की आपल्या खाडीपट्ट्यात दुसरीच चर्चा सुरू होते. अमक्याचा व्हिसा आला, तमक्याचे मेडिकल झाले. आपल्याकडे हे नवे नाही. १९७३ साली तेलाचे भाव भडकले, आखाती देशांत बांधकामे निघाली, तेव्हापासून दापोली, मंडणगड, खेड, चिपळूण, श्रीवर्धनची माणसे तिकडे जात आहेत. त्याआधी घर मुंबईच्या मनीऑर्डरवर चालायचे, पुढे दुबईच्या ड्राफ्टवर चालू लागले. त्या पैशावर अनेकांची घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली. तेव्हा कोणी जाऊच नये, असे सांगण्याचा येथे हेतू नाही. पण पासपोर्ट हातात पडला म्हणजे तयारी झाली, ही समजूत मात्र खोटी आहे. तयारी झाली की नाही हे वहीत, कागदात आणि बागेत अशा तीन ठिकाणी तपासून पाहावे लागते.

वहीतला हिशोब

एक नमुन्याचा हिशोब मांडून पाहू. समजा, पगार महिना १,२०० दिरहम ठरला आणि एका दिरहमचे २४ रुपये धरले. म्हणजे २८,८०० रुपये. आकडा ऐकायला बरा वाटतो. आता जेवणखाण, फोन, किरकोळ खर्च मिळून ५५० दिरहम वजा करा. उरले ६५०, म्हणजे १५,६०० रुपये. जाण्यासाठी सावकाराकडून शेकडा ३ रुपये महिना व्याजाने १ लाख २० हजार काढले असतील, तर पहिल्याच महिन्याचे व्याज ३,६०० होते. शिल्लक सगळीच्या सगळी कर्जाला लावली तरी फिटायला नऊ महिने जातात. तोवर घरी एक पैसा येत नाही.

दोन वर्षांच्या करारात उरले १५ महिने. त्यात हातात पडले २ लाख ३४ हजार. २४ महिन्यांवर वाटले तर महिना ९,७५० रुपये झाले. एवढ्यासाठी जायचे का, हे ज्याने त्याने ठरवावे. पण ठरवताना पुढे २८,८०० नव्हे, ९,७५० हा आकडा ठेवावा. ओव्हरटाइम मिळेल हे गृहीत धरू नये. मिळाला तर वरकड समजावा.

आता हे पाहा. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेता येतो. म्हणजे ३५,४०० रुपये. कर्ज एवढेच असते तर वरच्याच पगारात ते तिसऱ्या महिन्यात फिटले असते. म्हणजे पगारापेक्षाही जाण्याचा खर्च किती, यावर सगळे गणित अवलंबून आहे. छातीचा एक्स-रे आणि रक्ततपासणीत नापास झालेल्याला व्हिसा मिळत नाही, म्हणून तपासणीचा निकाल हातात येण्यापूर्वी कर्ज काढू नये आणि दागिना मोडू नये.

कागद

दहावी पास नसलेल्या उमेदवाराच्या पासपोर्टवर आखाती व इतर काही देशांत नोकरीला जाण्यासाठी परवानगी लागते. १९८३ सालच्या कायद्यानुसार ही परवानगी प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्स देतात. त्यांचे कार्यालय मुंबईत आहे. या उमेदवारांना प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे. हप्ता दोन वर्षांना २७५ किंवा तीन वर्षांना ३७५ रुपये आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास संरक्षण १० लाखांचे.

दहावी झालेल्या पोरांना ही परवानगी लागत नाही. त्यांना ती मोकळीक वाटते. पण परवानगी नाही म्हणजे करारपत्र कोणी तपासतही नाही. त्यामुळे त्यांनी स्वतःच जास्त जपावे. एजंटाचे नाव सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावरील यादीत आहे का, ते बघावे. पैशाची पावती मागावी. काम, पगार, तास, राहण्याची सोय आणि परतीचे तिकीट हे सर्व करारात लिहिलेले असावे. 'आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून देऊ' असे म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. व्हिजिट व्हिसावर काम करणे तिथे गुन्हा आहे आणि पकडला जातो तो कामगार. मालकाने पासपोर्ट काढून ठेवणेही अमिरातीच्या कायद्यात बसत नाही.

बाग आणि सातबारा

घरात राहणाऱ्यांनी या भागाकडे जास्त लक्ष द्यावे. करता माणूस गेला की हापूसची बाग बहुधा कराराने दिली जाते. दोन-तीन वर्षांचा करार असलेल्याला झाडाच्या पुढच्या आयुष्याशी देणेघेणे नसते. कल्टारची मात्रा झाडाच्या विस्ताराच्या व्यासाला मीटरमागे ३ मिली आहे आणि ती १५ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात द्यायची असते. जास्त ओतले की फांद्या आखूड होतात, मोहोर गुच्छासारखा येतो आणि झाड दमते. खत कोण घालणार, कल्टार किती, वणव्यासाठी जाळरेषा कोण काढणार, हे करारपत्रात लिहून घ्यावे. तोंडी भरवशावर बाग देऊ नये.

ई-पीक पाहणीची नोंद शेतात उभे राहून मोबाईलवर करावी लागते. ती घरात कोण करणार, हे जाण्यापूर्वी ठरवून शिकवून ठेवावे. सोसायटीचे पीककर्ज मुदतीत भरले नाही तर व्याजाची सवलत जाते. सातबारा सामायिक असेल तर तुमच्या सहीवाचून भावांची कामे अडतात. विश्वासू माणसाच्या नावे मुखत्यारपत्र इथेच नोंदवून घ्यावे आणि त्यात कामे नेमकी लिहावीत. जमीन विकण्याचा अधिकार विचार केल्याशिवाय देऊ नये.

पुष्कळांच्या मनात असते, 'दोन पैसे आले की शेजारची जमीन घेऊ.' पण नोकरीसाठी परदेशी राहणारा अनिवासी ठरला, की त्याला स्वतःच्या नावे शेतजमीन विकत घेता येत नाही. पूर्वीची किंवा वारशाने आलेली जमीन ठेवता येते, नवी खरेदी करता येत नाही. पीएम-किसानचा हप्ताही आयकर कायद्याप्रमाणे अनिवासी असणाऱ्याला घेता येत नाही.

गावाने काय करावे

सरपंच आणि पोलीस पाटलांनी ग्रामसभेत हा विषय घ्यावा. एजंटाची नोंदणी ई-मायग्रेटवर पाहून देण्याची सोय ग्रामपंचायतीच्या संगणकावर व्हावी. जाणाऱ्याने पासपोर्ट, व्हिसा आणि करारपत्राची एक-एक प्रत घरी ठेवावी. अडचण आली तर दूतावासाकडे किंवा परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' संकेतस्थळावर तक्रार करताना तीच उपयोगी पडते.

शेवटी एक साधी कसोटी. समजा, तिकडे गेल्यावर सहा महिने पगार आला नाही. तरी घरची चूल पेटेल का, सोसायटीचा हप्ता जाईल का आणि बागेवर कोणाचा हात असेल का? तिन्हीला 'होय' म्हणता आले तर खुशाल जावे. एकालाही 'बघू पुढच्या पुढे' असे उत्तर आले, तर एक हंगाम थांबावे. तेवढ्यात वायरमनचे, वेल्डिंगचे नाहीतर अवजड वाहनाचे शिक्षण पुरे करावे. हातात कसब असलेल्याला पगार चांगला मिळतो आणि सावकाराकडेही कमी जावे लागते.