वायर वेल्डिंगचा डाग का सुटतो?

आमच्या भागातल्या एका ऊसवाल्याने ट्रॉलीच्या दांड्याला पट्टी जोडून घेतली. डाग दिसायला मोठा सुबक. पहिलीच खेप भरली आणि चढावर दांडा तुटला, ट्रॉली मागे घरंगळली. मागे कोणी नव्हते म्हणून निभावले. तुटलेला जोड मी पाहिला. लोखंड वर नुसते लिंपल्यासारखे बसले होते. खाली ग्राइंडरच्या रेघा तशाच दिसत होत्या.

रिळावरच्या तारेने वेल्डिंग करणारी यंत्रे आता खेड्यातल्या दुकानांतही दिसतात. काम झटपट होते. पण डाग फसला तर कारण ओळखता आले पाहिजे. कसे, ते पाहू.

१. डागात भोके पडतात
वितळलेल्या लोखंडाला हवा लागली की भोके पडतात. हवा दूर ठेवण्याचे काम गॅसचे. उघड्यावर वारा गॅस उडवून नेतो, म्हणून पत्र्याचा आडोसा करावा. नोझलमध्ये साचलेले कण काढावेत. गॅस मिनिटाला १० ते १५ लिटर पुरतो. फार सोडला तर भोवरा होऊन हवाच आत ओढली जाते. गंज, रंग, ग्रीस, चिखल हे सारे घासून लोखंड चकचकीत करावे.

२. तार अडखळते, रोलरपाशी गुंता होतो
तार ०.८ मि.मी. असेल तर रोलरची खाच आणि टिपही ०.८ चीच हवी. रोलर फार आवळला तर तार चपटी होऊन टिपेत अडकते. केबलला वेढे पडू देऊ नयेत. रीळ गंजले असेल तर बदलावे. पावसाळ्यात काम झाल्यावर ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावे.

३. आवाज बिघडतो
मशीन बरोबर लागले की तेलात भजी सोडल्यासारखा एकसारखा चरचर आवाज येतो. तार लोखंडाला ढोसून हात मागे ढकलत असेल, तर तारेचा वेग जास्त किंवा व्होल्टेज कमी आहे. तार जळत मागे जाऊन टिपेला चिकटत असेल, तर वेग कमी आहे किंवा टॉर्च फार जवळ धरली आहे. टिपेबाहेर तार साधारण १० ते १२ मि.मी. असावी. एका वेळी एकच बटण फिरवावे, म्हणजे चूक कुठली ते कळते.

४. डाग वर फुगतो, आत शिरत नाही
हाच खरा धोक्याचा! गावात वीज उतरलेली असते, त्यात लांब आणि बारीक केबल. अर्थचा चिमटाही रंगावरच लावलेला. मग उष्णता पुरत नाही. केबल जाड घ्यावी, रंग खरवडून चिमटा लावावा, जाड पट्टीच्या कडा तिरप्या घासून मगच जोडाव्यात.

परीक्षा कशी घ्यावी?
तेवढ्याच जाडीचे दोन भंगार तुकडे एका बाजूने जोडा. वाइसमध्ये धरून घणाने वाकवा. डाग पट्टीवरून सोलून निघाला तर समजा, जोड कच्चा. सेटिंग बदलून पुन्हा परीक्षा घ्या. ट्रॉलीचा दांडा आणि हूक मात्र छोट्या मशीनवर जोडू नका. जाणत्या कारागिराकडेच न्या.

हे विसरू नका
ट्रॅक्टरवर वेल्डिंग करण्याआधी बॅटरीच्या तारा सोडाव्यात. रोटाव्हेटरला चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जाऊन ते खराब होते. डिझेलच्या किंवा औषधाच्या टाकीला वेल्डिंग कधीच करू नये. जस्ताच्या पाइपचा धूर छातीत घेऊ नये. कडबा, पाचट दूर सारून पाण्याची बादली जवळ ठेवावी. डोळ्यांपुढे काळी काच हवीच.

तेव्हा मंडळी, डागाचे रूप पाहून भुलू नका, त्याची पकड पाहा. ट्रॉलीमागून रस्त्याने आपलीच माणसे चाललेली असतात.