स्मरणार्थ बेचाळीस किलोमीटर

मृत माणसाचे नाव मागे राहावे म्हणून आपल्याकडे जे मार्ग रूढ आहेत, त्यांत दगड, संगमरवर आणि विजेचा पंखा यांचे स्थान मोठे आहे. घाटाच्या पायरीवर, देवळाच्या फरशीवर, वाचनालयाच्या कपाटावर आणि सभागृहाच्या छताला टांगलेल्या पंख्याच्या पात्यावरही ‘कै. अमुक यांचे स्मरणार्थ’ ही अक्षरे आपण वाचत आलो आहोत; पंखा सुरू झाला की ती दिसेनाशी होतात, ही त्या दानातील एक अकल्पित विनम्रताच म्हणावयाची. परंतु ही नावे बहुतेक वडीलधाऱ्यांची असतात. पुत्राने पित्याचे स्मरण करावे, हाच क्रम शास्त्राने गृहीत धरला असल्यामुळे तो उलटला की शास्त्रही अवघडते. अगदी लहान मूल गेले तर त्याला अग्नी न देता भूमीत ठेवतात आणि पुढचे विधीही थोडक्यात आवरतात, म्हणजे ज्यांचा शोक सर्वांत मोठा त्यांच्याच हातांना करण्यासारखे सर्वांत थोडे उरते. या रिकाम्या हातांनी काय करावे, या प्रश्नाला गेल्या चार दशकांत पाश्चात्त्य देशांत, आणि आता आपल्या मुंबईतही, एक मोठे विलक्षण उत्तर मिळाले आहे: बेचाळीस किलोमीटर आणि वर एकशे पंचाण्णव मीटर धावावयाचे, आणि त्या धावण्याच्या निमित्ताने मुलाच्या नावे लोकांपाशी पैसे मागावयाचे.

या प्रथेची मुळे शोधू जाता आपण एका मुलाच्या मृत्यूपाशीच येऊन पोहोचतो. रॉबर्ट डी व्हिलिअर्स हा सोळा वर्षांचा मुलगा 1944 साली ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने, दगावला. त्या वेळी वैद्यकाजवळ या रोगावर औषध असे नव्हतेच. चार वर्षांनी, 1948 साली, बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी काही आजारी मुलांना ‘अमिनोप्टेरिन’ हे द्रव्य देऊन रोग काही काळ मागे हटविल्याचे प्रसिद्ध केले. ते द्रव्य ज्या अमेरिकन प्रयोगशाळेत सिद्ध झाले, तेथील संशोधनाची धुरा येल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रातील शास्त्रज्ञाकडे होती, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक नसते. रॉबर्टला हे औषध मिळणे शक्य नव्हते, आणि मिळते तरी त्याने अवधीच तेवढा वाढता. त्याच्या आईवडिलांनी 1949 साली न्यूयॉर्कमध्ये मुलाच्या नावाने एक प्रतिष्ठान काढले, आणि त्याचेच रूपांतर पुढे अमेरिकेच्या ल्युकेमिया सोसायटीत झाले. आपल्या मुंबईस ही वाट त्याही आधीपासून परिचित होती. लेडी मेहरबाई टाटा याच रोगाने 1931 साली वारल्या आणि त्यांचे पती सर दोराबजी यांनी पुढच्याच वर्षी त्यांच्या नावे ल्युकेमियाच्या संशोधनासाठी न्यास स्थापन केला.

दोराबजींपाशी द्यावयास संपत्ती होती. ज्यांच्यापाशी ती नाही, ज्यांची सारी मत्ता म्हणजे दोन पाय आणि शेदोनशे ओळखीपाळखीची माणसे, त्यांनी काय द्यावे? हा प्रश्न 1988 साली न्यूयॉर्कजवळ राहणाऱ्या ब्रूस क्लेलंड नावाच्या गृहस्थांनी सोडविला. त्यांची लहान मुलगी याच रोगातून वाचली होती. त्यांनी अडतीस जणांची एक तुकडी जमविली, तिच्यासह न्यूयॉर्क मॅरेथॉनची तयारी केली, आणि धावण्याच्या निमित्ताने तीन लाख बावीस हजार डॉलर गोळा करून ते त्याच सोसायटीच्या स्वाधीन केले. ज्याला कोणतेही औषध लाभले नाही अशा मुलाच्या नावे उभी राहिलेली संस्था, आणि तिच्यासाठी धावणारा, वाचलेल्या मुलीचा बाप! क्लेलंडांच्या त्या तुकडीतूनच सोसायटीचा ‘टीम इन ट्रेनिंग’ हा कायमचा उपक्रम निघाला आणि धर्मार्थ धावण्यास पद्धतशीर रूप आले.

ती पद्धत थोडक्यात अशी. मोठ्या मॅरेथॉनमध्ये धावू इच्छिणारे पुष्कळ आणि जागा मोजक्या असतात. लंडनमध्ये, जेथे ही शर्यत 1981 साली सुरू झाली, जागांसाठी सोडत निघते. बोस्टनमध्ये विशिष्ट वेळेच्या आत धावून पात्रता सिद्ध करावी लागते. यांखेरीज काही जागा धर्मादाय संस्थांच्या वाट्याला येतात, आणि संस्था त्या जागा, ठराविक रक्कम जमविण्याचे वचन देणाऱ्यांना देते. लंडनच्या एका दिवसाच्या शर्यतीतून 2024 साली सात कोटी पौंडांहून अधिक निधी जमला, यावरून या व्यवहाराची व्याप्ती ध्यानात यावी. मुंबईत 2004 पासून जानेवारीत होणाऱ्या मॅरेथॉनमध्येही अशीच तजवीज असून निधिसंकलनाचे काम युनायटेड वे मुंबई ही संस्था पाहते. त्या पहाटे पेडर रोडच्या चढावर थोडा वेळ उभे राहावे. सदऱ्याच्या पाठीवर छापलेली नावे वाचता वाचता उजाडते.

धावण्याच्या कष्टांविषयी फार लिहावयास नको. चारपाच महिने पहाटे उठावे लागते, आठवड्यातून एकदा लांबचा पल्ला मारावा लागतो, आणि प्रत्यक्ष शर्यतीत साधारण तीस किलोमीटरनंतर स्नायूंतील साखरेचा साठा सरत आला की पाय आपले राहत नाहीत. आपल्याकडे मूल आजारातून उठले तर आई पायी पंढरपूरला जाते, देवीपुढे लोटांगण घालते. नवस फळला म्हणून तो फेडावयाचा असतो. येथे तर मागणे फळलेलेच नाही. न फळलेला नवस फेडण्याची ही रीत मला प्रथम अनाकलनीय वाटली होती, आणि शोकाचे हे जाहीर प्रदर्शन कशासाठी, असा काहीसा रागही आला होता, हे कबूल केले पाहिजे.

तो राग निवळला तो धावणाऱ्यांकडे पाहून नव्हे, मागणाऱ्यांकडे पाहून. धावणे चारसहा तासांचे. मागणे सहा महिन्यांचे. मूल गेलेल्या घरी आपण जातो तेव्हा काय करतो, हे आठवून पाहावे. पहिले काही दिवस आपण येतो, बसतो, गप्प राहतो. नंतर, त्यांना पुन्हा दुःख नको या भल्या हेतूने, त्या मुलाचे नाव आपण आपल्या बोलण्यातून काळजीपूर्वक गाळून टाकतो, त्याच्या वयाच्या आपल्या मुलाची परीक्षाही त्यांच्यासमोर हलक्या आवाजात बोलतो, आणि वर्ष उलटते न उलटते तोच अशी स्थिती येते की आईने स्वतः उच्चारल्यावाचून ते नाव त्या घरात कोणाच्याच तोंडी येत नाही. हे मौन आपल्याला सभ्यता वाटते. आईबापांना ते दुसरे मरण वाटत असले पाहिजे. आता त्याच आईला शंभर माणसांना पत्र घालावे लागते: माझ्या अमुक नावाच्या मुलासाठी मी धावणार आहे, तो अमुक आजाराने गेला, आपण यथाशक्ति द्यावे. म्हणजे शंभर घरांत ते नाव वाचले जाते, पावतीवर लिहिले जाते, आणि कोणीतरी उत्तरात लिहितो की तो आमच्या गच्चीवर पतंग उडवायला येत असे. ही गोष्ट आईला ठाऊकच नसते! आपल्या सुखवस्तू घरांतील स्त्रियाही मंगळवारी-शुक्रवारी पाच घरी जोगवा मागत. धान्याची वाण होती म्हणून नव्हे, तर मागताना अभिमान गळून पडावा म्हणून. हा नवा जोगवाही त्याच जातीचा आहे, आणि माझ्या मते त्यातील धावणे हे केवळ मागण्यासाठी मिळालेले निमित्त आहे.

बोस्टनचे उदाहरण याहून वेगळे आणि अधिक कठीण. तेथील मॅरेथॉनच्या अंतिम रेषेजवळ 15 एप्रिल 2013 रोजी झालेल्या बाँबस्फोटांत तिघे मेले. त्यांत आईवडील आणि भावंडांसह शर्यत पाहावयास आलेला मार्टिन रिचर्ड हा आठ वर्षांचा मुलगा होता. त्याच्या धाकट्या बहिणीने पाय गमावला. ज्या रस्त्याचे नावही ऐकू नये, त्याच रस्त्यावर या कुटुंबाने मुलाच्या नावे काढलेल्या प्रतिष्ठानासाठी धावणारी तुकडी उतरविली, आणि 2022 साली मार्टिनचा थोरला भाऊ हेन्री ती संपूर्ण शर्यत धावून जेथे भाऊ पडला त्या जागेवरून पुढे अंतिम रेषेपर्यंत गेला. याला धैर्य म्हणावे की आणखी काही, हे मला ठरविता येत नाही.

मात्र या साऱ्यात जमाखर्चाचा भाग विसरून चालणार नाही. शोकाच्या नावाने आलेला पैसा हा सर्वांत कमी तपासला जाणारा पैसा असतो, कारण रडणाऱ्या माणसापाशी हिशेब मागण्याची आपल्याला लाज वाटते. ती लाज धावणाऱ्यापुरती ठीक. संस्थेपुढे ती बाळगण्याचे कारण नाही. संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडे रीतसर नोंदणी आहे की नाही, आयकरात सवलत मिळवून देणारी पावती ती देते की नाही, आणि जमलेल्या रकमेतून व्यवस्थाखर्च किती जातो, हे विचारणे दात्याचा हक्क आहे. धावणाऱ्यानेही वैद्याकडून प्रकृती तपासून घ्यावी; आणि मन तयार नसेल तर त्या वर्षी धावू नये. कित्येकांना ते पहिल्या वर्षी जमत नाही, कित्येकांना कधीच नाही, आणि त्यांचे प्रेम काही कमी नसते.

मुंबईची शर्यत जानेवारीत असते, म्हणजे अशी पत्रे पावसाळा सरता सरता येऊ लागतात. यंदा आपल्या हाती एखादे पडले, तर रक्कम आपल्या ऐपतीप्रमाणे शंभर रुपये असो की दहा. उत्तर मात्र लिहावे, आणि त्यात त्या मुलाचे नाव लिहावयास विसरू नये.