पाणबुडीवरील नौसैनिक कसा घडतो?

दिनांक ८ डिसेंबर १९६७ रोजी तत्कालीन सोव्हिएत संघराज्यातील रिगा बंदरात ‘कलवरी’ ही पहिली पाणबुडी भारतीय नौदलात दाखल झाली. म्हणूनच ८ डिसेंबर हा दिवस नौदलात पाणबुडी दिन म्हणून पाळला जातो. त्या काळी पाणबुड्यांबरोबर त्या चालविण्याचे शिक्षणही परदेशातूनच घ्यावे लागे. आज ही दोन्ही कामे देशात होतात. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या नव्या कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्या २०१७ ते २०२५ या काळात नौदलात आल्या. त्यांपैकी ‘खांदेरी’ हे नाव शिवछत्रपतींनी अलिबागनजीकच्या समुद्रात उभारलेल्या जलदुर्गाची आठवण जागवते. मात्र पाणबुडी बांधणे जितके अवघड, तितकेच ती चालविणारा माणूस घडविणेही अवघड आहे.

विशाखापट्टणमची शाळा

पाणबुडी शाखेत येणे ऐच्छिक असते. अधिकारी असो वा खलाशी, त्याने प्रथम नौदलाचे सर्वसाधारण शिक्षण पुरे केलेले असावे लागते. त्यानंतर शारीरिक व मानसिक तपासणी होते. कान, नाक व फुप्फुसे दाब सोसू शकतात किंवा कसे, हे पाहिले जाते. बंदिस्त जागेची भीती वाटणाऱ्यास येथे प्रवेश नाही. पाणबुडीवर खिडकी नसते, दिवस व रात्र घड्याळावरूनच ओळखावी लागते. सुमारे चाळीस माणसे अनेक आठवडे एकाच पोलादी नळकांड्यात राहतात.

निवड झालेल्यांचे शिक्षण विशाखापट्टणम येथील ‘सातवाहन’ या संस्थेत होते. ही संस्था १९७४ साली स्थापन झाली. बाहेरील टाक्यांत पाणी घेऊन पाणबुडी कशी बुडते, दाबाखालील हवेने ते पाणी बाहेर लोटून ती वर कशी येते, ध्वनीच्या साहाय्याने दूरचे जहाज कसे ओळखावे, हे सर्व तेथे शिकविले जाते. वर्गातील पाठानंतर पाणबुडीच्या नियंत्रण कक्षाची हुबेहूब प्रतिकृती असलेल्या यंत्रावर सराव करून घेतला जातो. तेथे चूक झाली, तर ती दाखवून देता येते. समुद्रात तशी सवलत नसते.

पाणी, धूर आणि हवा

पाण्यात दर दहा मीटर खोलीस दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. शंभर मीटर खोलीवर तो पृष्ठभागावरील दाबाच्या अकरा पट होतो. अशा वेळी लहानशा छिद्रातूनही पाणी प्रचंड जोराने आत घुसते. खारे पाणी विद्युत्घटांत शिरल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो. घट भारित करताना हायड्रोजन निघतो व तो साचल्यास स्फोटाचा धोका असतो. आग लागली, तर धुराला बाहेर जाण्यास वाट नसते. म्हणून गळती बुजविणे, आग विझविणे आणि श्वसनाचा मुखवटा क्षणार्धात चढविणे, हे सराव पुनःपुन्हा घेतले जातात.

हे धोके केवळ पुस्तकी नाहीत. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘सिंधुरक्षक’ या पाणबुडीवर स्फोट होऊन अठरा जणांनी प्राण गमावले. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी मुंबईनजीकच्या समुद्रात ‘सिंधुरत्न’ पाणबुडीत धूर कोंडून दोन अधिकारी मृत्यू पावले. पाणबुडीवरील प्रशिक्षण इतके कठोर का, याचे उत्तर अशा घटनांत आहे.

संकटग्रस्त पाणबुडीतून बाहेर पडण्याचा सरावही करविला जातो. त्यासाठी ‘सातवाहन’ येथे २०२४ मध्ये ‘विनेत्र’ ही सुविधा सुरू झाली. पाच मीटर उंचीचा पाण्याचा मनोरा आणि त्याला जोडलेला तलाव अशी तिची रचना आहे. येथील मुख्य धडा एकच: वर येताना श्वास रोखून धरावयाचा नाही. दहा मीटर खोलीवर छातीत भरलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा व्यापू पाहते. ती बाहेर पडू दिली नाही, तर फुप्फुसे फाटतात. शाळेत शिकविला जाणारा बॉइलचा नियम येथे जीव वाचवितो. याशिवाय अडकलेल्या पाणबुडीपर्यंत खोल पाण्यात जाणारी बचाव वाहने २०१८ पासून नौदलाकडे आहेत.

समुद्रावरील परीक्षा

संस्थेतील शिक्षण संपले म्हणजे माणूस तयार झाला, असे नव्हे. त्यानंतर तो प्रत्यक्ष पाणबुडीवर उमेदवारी करतो. प्रत्येक कप्प्यातील नळ, झडपा व कळी तो हिंडून पाहतो, त्यांच्या आकृत्या काढतो आणि अनुभवी सहकाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देतो. अंधारातही योग्य झडपेवर हात पडला पाहिजे. हा नियम स्वयंपाक्यालाही लागू आहे, कारण पाणी ज्या कप्प्यात शिरेल, तेथे जो हजर असेल, त्यालाच ते थांबवावे लागते. या परीक्षेत उतरल्यावरच त्याच्या छातीवर डॉल्फिनचे मानचिन्ह लागते.

मार्गदर्शनाची गरज

या वाटेचे काही टप्पे महाराष्ट्रातच आहेत. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेतलेल्या विद्यार्थ्यांना पुण्यानजीकच्या खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून अधिकारी होता येते. नौदलाच्या यंत्रविद्येचे शिक्षण लोणावळ्याच्या ‘शिवाजी’ संस्थेत मिळते. खलाशांचे प्राथमिक प्रशिक्षण ओडिशातील चिल्का येथे होते. ग्रामीण भागातील अनेक विद्यार्थी केवळ माहितीअभावी दहावीनंतर विषयांची निवड चुकवितात व ही वाट त्यांना कायमची बंद होते. शिक्षकांनी दहावीच्या वर्गातच ही माहिती द्यावी आणि पंचायत सदस्यांनी पालकांशी मोकळेपणाने बोलावे. त्या वेळी धोके लपवू नयेत. धोका ओळखून त्याची तयारी करणे, हेच या शिक्षणाचे सार आहे आणि ते समजून आलेला तरुणच येथे टिकतो.