उसाचं पान आणि दुपारचं ऊन

ऊसदराचा विषय निघाला की महाराष्ट्राचं लक्ष जयसिंगपूरच्या ऊस परिषदेकडे लागतं. तिथे टनाचा भाव निघतो, साखरेचा उतारा निघतो. पण कारखाना साखर तयार करत नाही, उसातली साखर वेगळी काढतो. ती तयार होते जयसिंगपूरभोवतीच्या शिरोळ तालुक्याच्या शिवारात, उसाच्या पानात, उन्हावर.

उसाचं एक पान सूर्यासमोर धरून पाहा. मधोमध पांढरी शीर, दोन्ही बाजूंना समांतर बारीक शिरा, कडेला हात कापणारी धार. पानातलं हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश शोषतं. हिरवा त्या मानाने कमी, म्हणून शिवार हिरवं दिसतं. हरितद्रव्याचे शेकडो रेणू गटाने बसलेले असतात. एकावर प्रकाशकण पडला की त्याची ऊर्जा, घमेली हातोहात पुढे सरकवावीत तशी, गटाच्या केंद्राशी पोहोचते. तीही सेकंदाचा अब्जावा भाग सरायच्या आत. तिथला इलेक्ट्रॉन सुटतो. त्याची जागा भरायला पान पाण्याचा रेणू फोडतं आणि ऑक्सिजन मोकळा होतो. सुटलेल्या इलेक्ट्रॉनच्या वाटचालीतून एटीपी आणि एनएडीपीएच ही ऊर्जेची रोकड जमते. ती खर्चून हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची साखर बनते.

इथवर गहू आणि ऊस सारखेच. फरक पडतो कडक उन्हात. गव्हाच्या पानात कार्बन पकडणारं रुबिस्को हे विकर तापमान वाढलं की चुकून ऑक्सिजनही पकडतं आणि मिळवलेली ऊर्जा वाया जाते. ऊस आधी कार्बनचं चार कार्बनी आम्ल करतो, शिरांभोवतीच्या पेशींत नेतो आणि तिथे कार्बन डायऑक्साइडची दाटी करून रुबिस्कोला चुकू देत नाही. म्हणून भर दुपारचं ऊनही त्याला जास्त होत नाही. ही युक्ती उसातच उमगली: 1965 मध्ये हवाईत कॉर्टशाक, हार्ट आणि बर यांनी ते आम्ल दाखवलं, 1966 मध्ये ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी पुढची वाट उलगडली.

चुनखडीच्या रानात ऊस केवडा पडतो, म्हणजे पिवळा पडू लागतो, तेव्हा हीच यंत्रणा अडते. लोह मिळालं नाही की हरितद्रव्य बनत नाही. कोवळी पानं पिवळी, मग पांढुरकी होतात. ऊन तेवढंच पडतं, पण धरायला कोणी नसतं. लोह पुरवणारी हिराकस वेळेवर द्यायची ती यासाठी. गाळपाच्या उताऱ्याकडे डोळे लावणाऱ्या प्रत्येकाने त्याआधी वर्षभर पानाच्या रंगाकडे बघायला हवं.