बोटभर मावळ्याचा चेहरा

दिवाळीआधी छत्रपती संभाजीनगरातल्या गुलमंडी-औरंगपुऱ्याच्या बाजारातून आणलेला मावळा किल्ल्यावर उभा राहिला की फेटा, अंगरखा, ढाल सगळं झोकात दिसतं. चेहरा मात्र गुलाबी गोळा आणि त्यात दोन काळे ठिपके. तीन इंची मावळ्याचं तोंड जेमतेम सेंटीमीटरभर असतं. तरी त्यात जीव आणता येतो, आणि तो मुलांनीच आणावा असं मला मनापासून वाटतं.

आधी अस्तर

कोरी माती रंग शोषून घेते, म्हणून पांढऱ्या रंगाचा पातळ हात द्यावा. रंगवलेला मावळा असेल तर बारीक पॉलिश पेपरने चकाकी घालवावी. रंग ॲक्रिलिकच घ्यावेत. पोस्टर कलरवर दुसरा हात फिरवला की खालचा थर उठतो.

उजेड कुठे पडतो

चेहऱ्यावरचा उजेड रंगवण्याचे गुरू शहरापासून शंभरेक किलोमीटरवर आहेत. अजिंठ्याच्या चित्रकारांनी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात भिंतीवर आधी गेरूने रेघ आखली, मग रंग भरले आणि शेवटी रेघ पुन्हा ठसठशीत केली. पण चेहऱ्याला उठाव आणला तो उजळ-गडद छटांनी. एक क्रमांकाच्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या नाकाकडे नीट बघा. नाकाची दांडी उजळ आहे आणि बाजू गडद होत गेल्या आहेत. चेहऱ्याला उठाव देणारी ही युक्ती सेंटीमीटरभर चेहऱ्यालाही तितकीच लागू पडते, कारण हातभर अंतरावरून नाकाची रेघ दिसत नाही, त्यावरचा उजेड दिसतो.

म्हणून गुलाबी रंग बाजूला ठेवा. गेरू, पिवळा आणि थोडा पांढरा मिसळून उन्हात रापलेला रंग करा. त्यातच तपकिरी घालून डोळ्यांच्या खोबणीत, नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि फेट्याच्या काठाखाली लावा. नाक, गालाची हाडं आणि हनुवटी यांवर पांढरा मिसळलेला फिकट हात द्या. अजिंठ्यात सावळी आणि गोरी माणसं एकाच चित्रात शेजारी आहेत. तुमचे मावळेही एका रंगाचे नकोत.

डोळे

गणपतीचे मूर्तिकार डोळ्यांची आखणी शेवटी करतात; तिथे हात फिरायला जागा असते. इथे डोळे मधेच, खोबण्या गडद झाल्यावर करावेत. आधी पांढरी आडवी रेघ, त्यावर काळं बुबुळ. बुबुळ वरच्या पापणीला टेकलेलं हवं. चारी बाजूंनी पांढरं राहिलं तर मावळा घाबरलेला दिसतो. दोन्ही बुबुळं किंचित एकाच बाजूला सरकवली की तो पहाऱ्यावर उभा वाटतो. रेघ जाड झाली तर अंगाच्या रंगाने वरून-खालून कापत आणावी. ब्रश शून्य नंबरचा, टोकदार असावा.

मिशी आणि शेवटचा हात

निव्वळ काळी मिशी चिकटवल्यासारखी दिसते, काळ्यात थोडा तपकिरी घाला. ओठांना लाल नको, खालच्या ओठाखाली गडद रेघ पुरते. गंध सगळ्यात शेवटी. वॉर्निश लावायचंच तर बिनचकाकीचं घ्या. चकचकीत वॉर्निशवर पणतीचा उजेड पडला की रंगवलेल्या छटा दिसेनाशा होतात.